काळा समुद्र रिकामा ठेवायचा

दर आठवड्याला या पानावर मी तुमच्यासमोर येते ती बहुधा वर्गातल्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या गोष्टी घेऊन. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी "या वेळी जरा मोठे आणि प्रसन्न काहीतरी लिहा" असे बजावले आहे. म्हणून रशियाचा विश्वासघात करण्याचा बेत मी कसा रचला, ते सांगते.

रशिया म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो नागपूरला एका बँकेत अधिकारी आहे. मी तुर्कस्तान. एरवी मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि माझ्या हाती सत्ता म्हणावी तर हजेरीपटाची. पण गेल्या आषाढापासून कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना आणि अंकारा ही तीन शहरे माझ्या पदरी पडली, आणि झोप उडाली.

हे लचांड आमच्या चिरंजिवांनी घरात आणले. तो पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. सुटीत आला तो डोक्यात 'डिप्लोमसी' नावाचा खेळ घेऊनच. १९०१ सालचा युरोपचा नकाशा, त्यावर सात राज्ये, आणि सात माणसे. ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने हा खेळ काढला. लहानपणी त्याला एक जुने नकाशांचे पुस्तक सापडले होते, आणि पहिल्या महायुद्धात बुडालेली साम्राज्ये त्यात अजून रंगवलेली होती. ती त्याच्या मनातून जाईनात. १९५४ साली त्याने खेळ रचला, पण तो छापायला कुणी तयार होईना, तेव्हा १९५९ साली स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढल्या. १९६३ पासून अमेरिकेत लोक हा खेळ पोस्टाने खेळू लागले, आणि हा गृहस्थ पुढे पोस्टमन झाला. लोक एकमेकांना फसवण्यासाठी पत्रे लिहीत होते आणि ज्याने ही विद्या काढली तो घरोघर पत्रे वाटीत होता! २०१३ साली तो वारला. त्याच्या पिशवीतून त्याच्याच खेळातली एखादी थाप कधी गेली असेल का, असे मला उगीच वाटत राहते.

खेळात फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबावर ढकलायला काही नाही. प्रत्येकाकडे सुरुवातीला तीन मोहरे, रशियाकडे तेवढे चार. काही सैन्ये, काही आरमारे. सगळ्यांचे बळ सारखेच. एकाने एकावर चाल केली तर दोघे जागच्या जागी. शेजारच्या तिसऱ्याने एकाला टेकू दिला तर दोन विरुद्ध एक होतात आणि समोरचा हलतो. म्हणजे एकट्याने काहीही होत नाही. कुणाचा तरी टेकू मागावा लागतो, आणि त्यासाठी बोलावे लागते. बोलताना काहीही कबूल करावे, काहीही शपथेवर सांगावे, कशालाच बंधन नाही. शेवटी प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप लिहून पंचाकडे द्यायचे आणि पंचाने सगळ्यांचे एकदम उघडायचे. जे लिहिले तेच खरे. लिहिताना चूक झाली तर तो मोहरा जागेवरच उभा राहतो. हा एक नियम मला फार आवडला. शुद्धलेखनाला इतकी किंमत देणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

वर्षात दोन चाली, वसंतातली आणि शरदातली. शरदाची चाल झाली की ज्याच्या ताब्यात जितकी ठाणी तितके मोहरे. नकाशावर अशी ३४ ठाणी आहेत. १८ ज्याची झाली तो जिंकला.

चिरंजीव पंच झाले. चिठ्ठ्या टाकून राज्ये वाटली. लेस्टरला नोकरी करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंड मिळेल म्हणून टपून बसली होती, तिला जर्मनी आला. आमच्या महाविद्यालयातले इतिहासाचे प्राध्यापक इटली झाले. ऑस्ट्रिया, फ्रान्स, इंग्लंड ही चिरंजिवांची मित्रमंडळी. रशियासाठी माणूस मिळेना, तेव्हा चिरंजीव मला न विचारता मामाला फोन करून बसले.

मला विचारले असते तर मी नको म्हटले असते.

वाईला आमचे घर होते. आई गेल्यावर ते ठेवायचे की विकायचे, यावर भावाचे आणि माझे एवढेच ठरले होते की एकमेकांना विचारल्याशिवाय कुणी सही करायची नाही. गिऱ्हाईक चांगले आले, त्याला घाई होती, भाऊ आठ दिवस दौऱ्यावर होता, फोन लागत नव्हता. मी सही केली. मग त्यालाही करावी लागली. पैशाचा वाटा चोख झाला, तो एका शब्दाने भांडला नाही. फक्त त्यानंतर दोन भाऊबिजांना त्याला रजा मिळाली नाही, आणि मी पाठवलेल्या राखीची पोच म्हणून मोबाइलवर एक अंगठा यायचा.

तर अशा या भावाचा आषाढातल्या एका रात्री साडेनऊला फोन आला. "तुर्कस्तान का?" मी म्हटले, "हो." तो म्हणाला, "काळ्या समुद्राचं काय करायचं?"

नकाशा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळ्या समुद्राच्या उत्तर काठाला रशियाचे सेव्हास्टोपोल, दक्षिण काठाला माझी अंकारा. ज्याचे आरमार आधी मध्ये शिरेल तो दुसऱ्याच्या दारात उभा. म्हणून शहाणे तुर्क आणि शहाणे रशियन पहिल्या चालीआधीच ठरवतात की या समुद्रात दोघांपैकी कुणीही जायचे नाही. आम्हीही तसेच ठरवले. मग तो म्हणाला, "आर्मेनियातही नको." मी म्हटले, "बरं." मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही, आणि मग त्याने विचारले, "दाजींचा गुडघा कसा आहे?"

पंधरा दिवसांत एक चाल, असा आमचा नियम. त्या पंधरा दिवसांत भावाचे सहा फोन आले. प्रत्येक फोन रुमानियापासून सुरू व्हायचा आणि भावजयीच्या मधुमेहापर्यंत, त्याच्या मुलीच्या परीक्षेपर्यंत, एकदा तर आईच्या हातच्या कटाच्या आमटीपर्यंत जायचा. मी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याला चिकटवलेला नकाशा पसरून बसायची. चिंचोके ही सैन्ये, कवड्या हे आरमार. यजमान ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवू लागले आणि "साम्राज्याचा विस्तार कळतो, पण माझ्या वाट्याचं टेबल तेवढं सोडा" म्हणाले.

वसंताच्या चालीत दोघांनीही शब्द पाळला. माझे एक सैन्य बल्गेरियात गेले. आरमार अंकाऱ्याहून कॉन्स्टँटिनोपलला आणले, म्हणजे त्याचे तोंड भूमध्याकडे आहे असे दिसावे. स्मर्नाचे सैन्य अंकाऱ्याला, उगीच पाय मोकळे करायला. भावाचे आरमार सेव्हास्टोपोलहून रुमानियात निघाले होते, पण ऑस्ट्रियानेही बुडापेस्टहून तिथेच सैन्य धाडले आणि दोघेही जागच्या जागी राहिले. भावाचे एक सैन्य युक्रेनमध्ये उतरले.

आता शरदाची चाल. श्रावणातला रविवार, रात्री दहाची मुदत.

हातात चिंचोका घेऊन या गोष्टी लिहायला सोप्या जातात. पण सेव्हास्टोपोल, युक्रेन ही नावे २०१४ पासून, आणि २०२२ नंतर तर रोजच, वर्तमानपत्रात वेगळ्याच मजकुराखाली वाचलेली. पहिले काही दिवस त्या जागी बोट ठेवताना मला संकोच वाटायचा. पुढे वाटेनासा झाला. हेही नोंदवून ठेवते.

भावाने त्या आठवड्यात मला एक विनंती केली. रुमानिया त्याला हवाच होता. "ताई, तुझ्या बल्गेरियातल्या सैन्यानं माझ्या सेव्हास्टोपोलच्या आरमाराला रुमानियात जायला टेकू द्यायचा. नीट लिही. आरमाराला. सेव्हास्टोपोलच्या आरमाराला." एखाद्या पोराला पत्ता घोकून घ्यावा तसे त्याने ते तीनदा म्हटले. मी होकार दिला.

आणि फोन ठेवल्यावर टेबलाशी बसले, तर नकाशा जणू हसत होता. भावाचे आरमार रुमानियात गेले की सेव्हास्टोपोल उघडे. काळा समुद्र उघडा. माझे आरमार कॉन्स्टँटिनोपलहून एका चालीत समुद्रात जाते, अंकाऱ्याचे सैन्य एका चालीत आर्मेनियात. पुढच्या वसंतात सेव्हास्टोपोलवर दोन बाजूंनी दोन मोहरे. आणि यातली खुबी ही की त्यासाठी भावाला दिलेला टेकूचा शब्द मोडावा लागत नाही, उलट पाळावाच लागतो. तो जितक्या निर्धास्तपणे रुमानियात जाईल तितके माझे काम सोपे. बल्गेरियाचे सैन्य जागेवरून टेकू देणार, म्हणजे बल्गेरियाचे ठाणेही शरदात माझ्या नावावर लागणार. उजव्या हाताने मदत, डाव्या हाताने कुलूप फोडायचे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मी इतकी वर्षे वर्गात शिकवते, पण राज्यकारभार या शब्दाचा अर्थ त्या रात्री प्रथम पोटात कालवाकालव होऊन कळला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी इटलीपुढे हे भीत भीत मांडले. इटलीला आनंद होणे साहजिकच होते, रशिया आणि तुर्कस्तान एकत्र राहिले तर त्याचे काही खरे नव्हते. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "बाई, मुळात १९०१ साली बल्गेरिया कागदोपत्री तुर्कांचाच होता. १९०८ साली तो स्वतंत्र झाला. तुम्ही आपलंच घर जिंकून काय मिरवता?" मग जरा पुढे झुकून म्हणाले, "आणि हा काळा समुद्र रिकामा ठेवायचा करार तुमचा नाहीच. १८५६ चा आहे. क्रायमियाच्या युद्धात रशिया हरल्यावर पॅरिसच्या तहात तेच ठरलं. या समुद्रात रशियानं लढाऊ आरमार ठेवायचं नाही, तुर्कांनीही नाही. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया एकमेकांच्या उरावर बसले आणि युरोपला इकडे बघायला सवड नाही असं दिसलं, तेव्हा रशियानं सांगितलं, आम्ही ते कलम मानत नाही. १८७१ साली लंडनला बैठक भरली आणि सगळ्यांनी मुकाट मान्य केलं. १४ वर्षं टिकला तो तह. तुमचा अजून महिनासुद्धा झाला नाही. बघा बुवा."

"म्हणजे मी मोडू?"

"मी इतिहास शिकवतो," ते म्हणाले. "सल्ला देत नाही." आणि बशी तोंडाला लावली.

शुक्रवार, शनिवार मी फक्त भावाचा विचार केला. या खेळात चाल आखायची म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बसायचे. तो प्रामाणिक असेल आणि मीही असेन तर त्याला रुमानिया मिळतो, मला बल्गेरिया, दोघे पुढे सरकतो. तो प्रामाणिक आणि मी नसेन तर पुढल्या वर्षी सेव्हास्टोपोल माझे. मी प्रामाणिक आणि तो नसेल, तर त्याचे आरमार माझ्या अंकाऱ्यासमोर. इथे मी थांबायची. माझा भाऊ कसा आहे, हे मला कळायला हवे होते. लहानपणी आम्ही 'व्यापार' खेळायचो तेव्हा तो पाचशेची नोट मांडीखाली लपवायचा. नोट दिसायची नाही, पण मग तो मांडी मुळीच हलवायचा नाही, मुंग्या आल्या तरी. त्यावरून मी ओळखायची. पण हा झाला नऊ वर्षांचा भाऊ. बेचाळीस वर्षांच्या भावाची मांडी कशी हलते याची मला काहीच माहिती नव्हती. गेल्या दोन वर्षांत तर अंगठ्यापलीकडे त्याचे काही पाहिले नव्हते.

चिरंजिवांनी मला फोनवर धीर दिला. म्हणाला, २०२२ साली मेटा कंपनीने 'सिसेरो' नावाचे एक यंत्र हा खेळ खेळायला तयार केले. ४० डाव ते अनोळखी माणसांशी गप्पा मारत खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत पहिल्या दहा टक्क्यांत आले. आणि त्याला शक्यतो खरे बोलायलाच शिकवले होते. "म्हणजे बघ आई, खरं बोलूनही जिंकता येतं." मी म्हटले, "त्या यंत्राला भाऊ होता का?" पंच म्हणाले, पक्षपात होईल असे प्रश्न विचारू नयेत.

रविवारी रात्री नऊ वाजता मी प्रामाणिक हुकूम लिहिले. बल्गेरिया टेकू देतो, आरमार जागेवर, सैन्य जागेवर. सव्वानऊला ते वाचले. इतके मिळमिळीत वाक्य मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिले असते तर खाली लाल रेघ मारली असती. खेळायला बसलोय तर खेळावे, असे एक मन म्हणे. हा खेळच आहे, त्यात फसवणे हा नियम आहे, भावालाही ते माहीत आहे. दुसरे मन म्हणे, त्या गिऱ्हाइकाला घाई होती तेव्हाही तू असाच मुद्दा काढला होतास.

दहाला सात मिनिटे कमी असताना मी दुसरा कागद पाठवला. बल्गेरियाचा टेकू सेव्हास्टोपोलच्या आरमाराला रुमानियात. आरमार कॉन्स्टँटिनोपलहून काळ्या समुद्रात. सैन्य अंकाऱ्याहून आर्मेनियात. शुद्धलेखन दोनदा तपासले.

साडेदहाला पंचांचा निकाल आला. मी तो चष्मा पुसून परत वाचला.

रशियाचे आरमार रुमानियात गेलेच नव्हते. त्यालाही काळ्या समुद्राचाच हुकूम होता. दोन आरमारे समुद्राच्या मध्यावर एकमेकांना धडकली आणि नियमाप्रमाणे आपापल्या बंदरात परत. रुमानियात त्याने युक्रेनमधले सैन्य धाडले होते. बल्गेरियाचा टेकू मी आरमाराला लिहिलेला, गेले सैन्य, त्यामुळे टेकू फुकट. तिथे ऑस्ट्रिया पुन्हा आडवा आला आणि ते सैन्यही जागच्या जागी. म्हणजे दोघांनी शब्द पाळला असता तर तिघांच्या बळावर रुमानिया त्याचा होता. आता रुमानिया कुणाचाच नव्हता. हललेला मोहरा एकच होता, आर्मेनियात शिरलेला माझा चिंचोका.

"सेव्हास्टोपोलच्या आरमाराला. नीट लिही." तीनदा! माझ्या बल्गेरियाचे लक्ष आरमारावर बांधून ठेवायला. मराठी शिकवून इतकी वर्षे झाली, आणि एखाद्या शब्दावर वक्ता असा जोर का देतो, हे मला वेळेवर सुचले नाही. मांडी हलत नव्हती.

पावणेअकराला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.

"ताई," तो म्हणाला, "समुद्राचं मी समजू शकतो. पण आर्मेनिया?"

"आर्मेनिया माझाच प्रांत आहे," मी म्हटले. "नकाशा बघ, तुर्कस्तानच्या रंगात आहे."

"तिथं फिरायला पाठवलंस का त्यांना?"

"आणि तुझं आरमार काय समुद्रस्नानाला निघालं होतं? श्रावणी होती का?"

तो हसला. मग मीही हसले. दोन वर्षांत त्याचे हसणे मी ऐकले नव्हते, आणि ते आता हुबेहूब आमच्या वडिलांसारखे येते. हसणे थांबल्यावर तो सहज बोलावे तसे म्हणाला, "मला जायचं नव्हतं गं समुद्रात. रुमानिया मिळत होता, कशाला जाऊ? पण शनिवारी वाटलं, तू येशील. म्हणून मी आलो."

यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. मी टेबलावरचा एक चिंचोका उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"वाईचं मी तुला विचारायला हवं होतं," मी म्हटले.

"आठ दिवस थांबली असतीस तरी मी विकायलाच हो म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण थांबली असतीस तर बरं झालं असतं." आणि मग, "भावजयीला बोलायचंय तुझ्याशी. चकलीची भाजणी विचारायची आहे म्हणे." आणि फोन तिच्या हाती दिला.

हिवाळ्यात मला बल्गेरियाच्या ठाण्याबद्दल एक नवा मोहरा मिळणार होता. त्याला काहीच नाही, कारण उत्तरेकडे स्वीडनमध्ये लेस्टरच्या जर्मनीने त्याला अडवले होते. माझे आरमार अंकाऱ्याला बांधले तर ते काळ्या समुद्रासाठी, स्मर्नाला बांधले तर इटलीसाठी. भावाने त्या आठवड्यात याविषयी एक अक्षर विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. मी स्मर्ना लिहिले. निकाल वाचून इतिहासाचे प्राध्यापक शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

परवा भावाचा फोन आला. या भाऊबीजेला त्याला रजा मिळाली आहे. तिघेही येताहेत, चार दिवस राहतील. चिरंजीवही असतील. मी कटाच्या आमटीचे कबूल केले. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि ते आर्मेनियातलं सैन्य अजून तिथंच आहे बरं का, ताई. ओवाळून घेण्याआधी ते मागं घे."

मी म्हटले, बघू.